भूमध्यसागरी हवामानातलं सार्वजनिक उद्यान: ऑगस्टमध्ये ते कसं दिसायला हवं?

अवनी_क

नमस्कार मंडळी. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. दक्षिण युरोपातल्या एका किनारी शहरात ६ हेक्टरच्या सार्वजनिक उद्यानाच्या लागवडीचा आराखडा सध्या माझ्याकडे आहे. पूर्वी इथे मालगाड्यांचं यार्ड होतं. जमीन चुनखडीची, राडारोडा मिसळलेली, वर्षानुवर्षं दाबून घट्ट झालेली. वर्षाला साधारण ४५० मिमी पाऊस पडतो, पण सगळा ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जवळजवळ थेंब नाही.

करारानुसार लागवडीनंतरचे दोन उन्हाळे पाणी मिळेल. त्यानंतर फक्त झाडांना, तेही कडक उष्णतेच्या लाटेत.

भांडण ऑगस्टवरून आहे. पहिल्या सादरीकरणात मी हिरवळीऐवजी थाइमचा (जमिनीलगत पसरणाऱ्या सुगंधी झुडपाचा) गालिचा दाखवला होता, आणि बाकी दाखवलेली झुडपं उन्हाळ्यात राखाडी-तपकिरी होतात. बैठकीत एक सदस्य म्हणाले, "लोक उद्यानात येतात तेव्हाच तुमचं उद्यान मेलेलं असेल." त्यांना हिरवळ हवी आहे आणि बारमाही फुलं. माझं म्हणणं असं की या हवामानात उन्हाळा हीच झाडांची झोपायची वेळ आहे आणि आराखडा ती झोप धरूनच झाला पाहिजे. पण फक्त "हे नैसर्गिक आहे" म्हणून बैठक जिंकता येत नाही. अशा हवामानात राहिलेल्यांनी, काम केलेल्यांनी अनुभव सांगा: हिरवळ ठेवावी का, सावलीला कोणती झाडं, आणि पाण्याशिवाय ऑगस्टमध्ये बघण्यासारखं काय असू शकतं?

मातीमाय

अवनी, सगळ्यात आधी लागवडीचा महिना करारात लिहून घे. झाडांची यादी नंतर.

अशाच हवामानाच्या एका शहरात मी अकरा वर्षं सार्वजनिक लागवडीची देखभाल करते आहे. एका चौकातल्या बागेचं उद्घाटन मेमध्ये ठरलं, म्हणून लागवड एप्रिलमध्ये उरकली. रोपं मोठ्या कुंड्यांतली, फुलांनी लदलेली. फोटो सुंदर आले. जूनमध्ये गरम वारा सुटला आणि ठिबक चालू असूनही ती माना टाकायला लागली, कारण मुळं अजून कुंडीच्या आकाराच्या गोळ्यातच होती. ऑक्टोबरपर्यंत निम्म्याहून जास्त गेली. त्याच हिवाळ्यात आम्ही नांग्या भरल्या, तीच जात, पण बोटभर उंचीची छोटी रोपं. ती आजही उभी आहेत.

इथे पेरणीचा पाऊस शरद ऋतूत येतो. जमीन अजून कोमट असते, वरून ओल मिळते, आणि वर काही हालचाल दिसत नसली तरी खाली मुळं सहा-सात महिने पसरत राहतात. पहिल्या पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाव. मार्चनंतर एक रोपही नको, उद्घाटनाला कोणीही येणार असो.

गोगलगाय

थाइमच्या गालिच्यावर मुलं फुटबॉल खेळणार का? एवढंच विचारायचं होतं.

पिंपळपान

"झोप" हा शब्द अवनीताईंनी अगदी नेमका वापरलाय. ज्यांची नजर पावसाळी प्रदेशात तयार झाली त्यांना हे पचायला वेळ लागतो. तिथे ऊब आणि पाणी एकत्र येतात, म्हणून उन्हापाठोपाठ वाढ येते. भूमध्यसागरी हवामानात दोन्ही वेगळ्या ऋतूंत येतात. पाणी असतं तेव्हा थंडी, ऊन असतं तेव्हा कोरड. उरतात वाढीच्या दोनच चांगल्या खिडक्या: शरदातली आणि वसंतातली.

हे हवामान जगात पाच ठिकाणी आहे: भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचं केप आणि ऑस्ट्रेलियाचा दक्षिण व नैऋत्य भाग. सगळी साधारण ३० ते ४५ अक्षांशांमध्ये, बहुतेक खंडांच्या पश्चिम कडांना. जमिनीच्या जेमतेम २ टक्के, पण जगातल्या वनस्पतींच्या सुमारे २० टक्के जाती तिथे आहेत. झुडपी रानाला फ्रान्समध्ये माकी आणि गारीग म्हणतात, ग्रीसमध्ये फ्रिगाना, कॅलिफोर्नियात चॅपरल, चिलीत मातोराल, केपमध्ये फाइनबॉस. नावं वेगळी, युक्त्या सारख्या: छोटी चिवट पानं, पानांवर राखाडी लव, सुगंधी तेलं.

काही झाडं तर सरळ पानंच टाकून देतात. भूमध्य काठावरचं झाडासारखं वाढणारं युफोर्बिया उन्हाळ्याच्या तोंडाशी लालसर होतं आणि मग निष्पर्ण उभं राहतं. कॅलिफोर्नियाचा बकआय जुलै-ऑगस्टमध्येच पानगळ उरकतो. फ्लोमिस नावाचं झुडूप वसंतातली मोठी पानं सोडून छोटी, जास्त लवदार पानं अंगावर ठेवतं. थंड देशातल्या उद्यानात डिसेंबरमध्ये निष्पर्ण झाड बघून कुणी तक्रार करत नाही. तीच नजर इथे ऑगस्टला द्यायची आहे.

अवांतर: समुद्रकाठचा मोठा पांढरा कांदा, ड्रिमिया मारिटिमा, हा आपल्या रानकांद्याचा सख्खा भाऊ. ऐन कोरड्या दिवसांत, उन्हाळा संपता संपता, एकही पान नसताना कमरेएवढा फुलांचा दांडा काढतो. अवनीताई, ऑगस्टच्या शेवटासाठी हा तुमचा हुकमी पत्ता.

दगडू

मला हे सगळं पटत नाही, आणि मनापासून पटत नाही.

उद्यान हे वनस्पतिशास्त्राचं संग्रहालय नव्हे. ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात थंडाव्याची सोय नाही, ते म्हातारे, लहान मुलांच्या आया, दिवसभर उन्हात राबून आलेली माणसं तिथे येतात. त्यांना राखाडी झुडपाचा जगण्याचा संघर्ष बघायचा नसतो, गार गवतावर पाठ टेकायची असते. पाणी पिणारी हिरवी पानं हवा थंड करतात, बाष्प सोडून. सुकलेलं, अर्धं झोपलेलं झुडूप ते काम फार कमी करतं. उष्णतेच्या लाटेत माणसं मरतात. अशा वेळी पाण्याची सगळी काटकसर उद्यानातच का? पिण्याचं पाणी नका वापरू, सांडपाणी शुद्ध करून वापरा. पण हिरवळ हवी.

नदीकाठ

दगडूंचा मुद्दा बाजूला सारू नये. फक्त गारवा जास्त कशातून मिळतो, हे बघू. उघड्या हिरवळीवर दुपारी दोनला कुणी बसत नाही. सगळे झाडाखाली सरकतात. म्हणून आधी सावली, आणि सावली म्हणजे झाडं.

व्हॅलेन्सियाचं तुरिया उद्यान मी नेहमी आठवतो. १९५७ च्या मोठ्या पुरानंतर नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवली. रिकाम्या पात्रातून महामार्ग न्यायचा बेत होता. नागरिकांनी विरोध केला आणि आज तिथे जवळपास ९ किलोमीटरचं उद्यान आहे. भर उन्हाळ्यातही लोक त्यातून पायी आणि सायकलने जातात, कारण डोक्यावर झाडं आहेत आणि पात्र खोलगट आहे.

चुनखडीच्या जमिनीत माझी निवड अशी: कॅरोब, सदाहरित ओक, छत्रीसारखा पाइन, आणि सगळ्यांत वर हॅकबेरी, म्हणजे सेल्टिस ऑस्ट्रालिस. हिवाळ्यात पानं गाळून खाली ऊन येऊ देतो, उन्हाळ्यात दाट सावली धरतो. चुन्याची त्याला तक्रार नाही, आणि एकदा मुळं खोल गेली की पाणीही मागत नाही.

एका जातीवर मात्र भिस्त नको. फ्रान्समधल्या कॅनाल द्यु मिदीच्या काठावर सुमारे ४२,००० प्लेन (चिनारच्या कुळातल्या) झाडांची रांग होती. २००६ मध्ये तिथे बुरशीचा रोग सापडला आणि तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागली. इटलीच्या पुलियात २०१३ पासून झायलेला जिवाणूने लाखो ऑलिव्ह वाळवले. दहा-वीस-तीसचा जुना नियम पाळा: एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (जवळच्या जातींच्या गटाची, म्हणजे genus) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त झाडं नकोत.

मीनल_द

नदीकाठ यांना अनुमोदन. मी ऑस्ट्रेलियात पर्थला राहते. इथल्या किंग्ज पार्कचं क्षेत्र सुमारे ४०० हेक्टर, आणि त्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग मूळचं रान तसंच राखलेला आहे. जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, ते रान फिकट, धुरकट दिसतं. सप्टेंबरमध्ये, इथल्या वसंतात, रानफुलं बघायला गर्दी लोटते. एकाच उद्यानात सिंचित हिरवळ आणि कोरडं रान शेजारी शेजारी आहेत आणि लोक दोन्हीकडे जातात, वेगवेगळ्या कामांसाठी. अवनी, तुझ्या बैठकीत हे सांग. सगळ्या ६ हेक्टरांचं रूप एकच असायला हवं असं कुठे आहे?

एक इशारा मात्र देते. ऑस्ट्रेलियातली बँक्सिया, ग्रेव्हिलिया मंडळी फोटोत बघून मागवू नकोस. त्यांची मुळं अत्यंत निकृष्ट जमिनीतून फॉस्फरस ओढायला तयार झालेली आहेत. साधं स्फुरदयुक्त खत दिलं तरी त्यातल्या बऱ्याच जाती मरतात. आणि चुनखडीत अनेकांची पानं पिवळी पडतात. हवामान जुळलं म्हणजे जमीन जुळली असं नाही.

पिंपळपान

मीनल, आणि उलटंही होतं. फार छान जुळलं तर झाड कुंपण ओलांडतं. ऑस्ट्रेलियाचे अकेशिया आणि भूमध्य काठचे पाइन केपमध्ये नेले. ते फाइनबॉसमध्ये घुसले आणि डोंगरावरून नद्यांत येणारं पाणी पिऊ लागले. दक्षिण आफ्रिकेने १९९५ पासून ते तोडण्याचा सरकारी कार्यक्रमच चालवलाय. दुसऱ्या बाजूला केपचं कार्पोब्रोटस, मांसल पानांची सरपटणारी वेल, भूमध्य किनाऱ्यावरच्या वाळूत इतर सगळं दाबून टाकते. फाउंटन ग्रास आणि पंपास गवतही आराखड्यांत फार शोभून दिसतात. कृपा करून दोन्ही घेऊ नका. बी वाऱ्यावर जातं.

खारूताई

कण्हेरीचं काय? दक्षिण युरोपात रस्तोरस्ती तीच. उन्हाळाभर फुलते, पाणी मागत नाही, बैठकीतल्या सदस्यांना बारमाही फुलं हवीच आहेत.

नदीकाठ

कण्हेर विषारी आहे हे आपल्याकडे पोरालाही माहीत असतं. तिथले पालक नेहमी ओळखतातच असं नाही. खेळण्याच्या जागेपासून लांब, रस्त्याच्या कडेच्या उतारावर ठीक.

खारूताई

बरोबर. मग निर्गुडीची बहीण घ्या, व्हायटेक्स आग्नस-कास्टुस. पानं हुबेहूब निर्गुडीची, जुलैपासून निळ्या-जांभळ्या मंजिऱ्या, मधमाश्यांची झुंबड. आणि डाळिंब! जूनमध्ये केशरी फुलं, शरदात फळं.

(जाताजाता: भूमध्य काठच्या लॉरेलला बरेच जण तमालपत्र म्हणतात. कूळ एक, पण झाडं वेगळी. लॉरेलच्या पानाला मध्ये एकच ठळक शीर असते, आपल्या तमालपत्राला तीन लांब शिरा. रोपवाटिकेत नावाचा घोळ होऊ नये म्हणून सांगितलं.)

अवनी_क

किती जिवंत चर्चा! दगडू, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ज्यांच्या घरी थंडावा नाही त्यांचा विचार माझ्या सादरीकरणात नव्हताच. मी झाडांच्या बाजूने बोलत राहिले.

पण मग एक सोपा मार्ग सुचतोय तो चूक आहे का ते सांगा: झुडपांच्या भागालाही उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा थोडं थोडं पाणी द्यायचं, म्हणजे तपकिरी होणार नाहीत. शुद्ध केलेलं सांडपाणी मिळालं तर पाण्याचा प्रश्नही उरत नाही.

मातीमाय

नको. अवनी, हे अजिबात नको. माझ्या हातून सर्वांत जास्त झाडं याच मायेने मेली आहेत.

उन्हाळ्यात झोपलेल्या झुडपाची मुळं कोरड्या जमिनीत सुरक्षित असतात. तापलेल्या मातीत ओल दिली की फायटॉप्थोरासारखे मूळकुज करणारे जीव जागे होतात. गरम आणि ओलं, त्यांना हवं तेच. लॅव्हेंडर, सिस्टस, कॅलिफोर्नियाचा सियानोथस, फ्लॅनेलबुश, सगळे एका आठवड्यात वाळतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पाणी देतो. मीही दिलं. सियानोथसची अख्खी रांग घालवल्यावर एक मूळ उपटून पाहिलं, तर साल हातात निघून आली, आत काळं.

जी वाचतात त्यांचंही भलं होत नाही. पाण्यावर वाढलेलं झुडूप मऊ आणि उंच होतं, मध्येच फाकतं, चौथ्या-पाचव्या वर्षी म्हातारं दिसतं. थोडं थोडं पाणी मुळांना वरच धरून ठेवतं.

आमची आता बसलेली पद्धत: लावण्याआधी जमीन ६०-८० सेंमी खोल फाडायची, कारण यार्डाची जमीन सिमेंटसारखी असते. झुडपांसाठी माती हातभर उंच उंचवट्यांत टाकायची, म्हणजे हिवाळ्याचं पाणी मुळाशी साचत नाही. प्रत्येक रोपाभोवती रुंद आळं करायचं. पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा आळं भरून, २०-३० लिटर, आणि मधल्या काळात पूर्ण कोरडं. दुसऱ्या उन्हाळ्यात गरज पडली तर एकदोनदा. तिसऱ्यात नळी गुंडाळून ठेवायची. वर ६-८ सेंमी खडीचं आच्छादन. तण कमी होतं, खोडाजवळ कोरडं राहतं.

पाणी द्यायचंच तर वेगळ्या भागाला दे, वेगळ्या वाहिनीवरून. दोन गरजांची झाडं एका नळीवर कधीच नकोत.

दगडू

मातीमाय, हे मला माहीत नव्हतं. झुडपांबद्दलचा माझा आग्रह मागे घेतो. हिरवळीचा नाही.

गोगलगाय यांना उत्तरही देतो, कुणी दिलेलं नाही. थाइमवर फुटबॉल खेळता येणार नाही. खेळायला हरळी लावा. हो, आपली दूर्वाच, उष्ण भागांत मैदानांवर तिचेच वाण वापरतात. उन्हात वाढते, तुडवलेली सोसते, आणि थंड प्रदेशातल्या गवतांपेक्षा तिला बरंच कमी पाणी लागतं. हिवाळ्यात फिकट पडते, पण तेव्हा बाकीचं उद्यान हिरवं असणारच आहे ना.

गोगलगाय

धन्यवाद दगडू. मी चार दिवस वाट बघत होतो. :)

मीनल_द

हरळी मुळांनी फार पसरते, झुडपांच्या वाफ्यात शिरली की निघत नाही. मध्ये खोल दगडी किंवा काँक्रीटची पट्टी हवीच.

सावली

मी या क्षेत्रातली नाही, फक्त बघणारी आहे. पण "ऑगस्टमध्ये मेलेलं" हे वाचून लिहावंसं वाटलं.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये अथेन्सला फिलोपापू टेकडीवर गेले होते. दिमित्रिस पिकिओनिस या वास्तुविशारदाने १९५४ ते १९५७ मध्ये तिथल्या पायवाटा घडवल्या, शहरातल्या पाडलेल्या जुन्या घरांचे दगड वापरून. संध्याकाळी सहाला चढायला लागले. गवत वाळून सोनेरी झालं होतं, ऑलिव्हची पानं वाऱ्यावर उलटून चंदेरी होत होती, पाइनच्या राळेचा वास हवेत भरला होता आणि सिकाडा या झाडांवरच्या किड्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज. एकही फूल बघितल्याचं आठवत नाही. तरी मी तिथे अंधार पडेपर्यंत बसले. सगळीकडे माणसं होती, म्हातारी जोडपी, पोरं, कुत्री. कुणाच्याही तोंडावर "हे मेलेलं आहे" असं दिसत नव्हतं. संध्याकाळचं तिरपं ऊन त्या वाळलेल्या रंगावर पडतं ना, ते हिरव्या गवतावर तसं पडत नाही.

कदाचित बैठकीत दुपारी बाराचे फोटो दाखवले गेले असतील. संध्याकाळी सातचे दाखवून बघा.

पिंपळपान

सावली, फारच नेमकं. अथेन्समध्येच २०१६ साली उघडलेलं स्टाव्हरोस निआर्कोस सांस्कृतिक केंद्राचं उद्यानही आहे, सुमारे २१ हेक्टर. इमारतीच्या छतापर्यंत वर चढत जाणाऱ्या उतारावर ऑलिव्ह, रोझमेरी, लॅव्हेंडर, थाइम. रोपं अगदी साधी, पण मोठ्या समूहांत लावलेली. सार्वजनिक जागेत मला हे महत्त्वाचं वाटतं. एकेक नग चाळीस जातींचा लावला तर वाळल्यावर ते पसाऱ्यासारखं दिसतं. तीच सात-आठ झुडपं गोलाकार, एकमेकांना टेकून, डोंगरावरच्या गारीगसारखी लावली तर फुलं नसतानाही आकार राहतो.

ऑगस्टसाठी माझी यादी: फ्लोमिसचे वाळलेले मजले-मजले दांडे (कापू नका!), बॅलोटा आणि सँटोलिनाचे राखाडी गोळे, स्टिपा गवत, भिंतीत केपर. केपर आपल्या वाघाटीच्या घरातलं, उन्हाळाभर पाण्याशिवाय फुलतं, फूल संध्याकाळी उमलतं. कॅलिफोर्नियाचं एपिलोबियम कॅनम उन्हाळा उतरताना शेंदरी होतं. मग ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो समुद्रकाठचा पांढरा कांदा, पहिल्या पावसाबरोबर पिवळं स्टर्नबर्जिया आणि सायक्लमेन.

नदीकाठ

वाळलेल्या गवताबद्दल एक गोष्ट. सोनेरी दिसतं हे खरं, पण ते पेटतं. वस्तीला आणि वाटांना लागून असलेलं गवत जूनच्या आधी कापलंच पाहिजे, आणि पाइनच्या खालच्या फांद्याही छाटून ठेवायच्या. सुंदर वाळलेला भाग उद्यानाच्या पोटात ठेवा, कडेला नको.

आणि हिवाळ्याचं पाणी वाहून जाऊ देऊ नका. बार्सिलोनाच्या पार्क गुएलमध्ये वास्तुविशारद गौदीने वरच्या चौकातलं पावसाचं पाणी खालच्या दालनाच्या ८६ खांबांपैकी काहींच्या आतून उतरवून टाकीत साठवलं होतं. तुम्हाला खांब नकोत. वाटांचा उतार झाडांच्या खोलगट पट्ट्यांकडे द्या, हॅकबेरी तिथे लावा. जानेवारीत भिजलेली खोल माती झाडाला जुलैमध्ये पुरते.

अवनी_क

दोन आठवड्यांनी परत आले, उशिराबद्दल क्षमस्व. काल बैठक झाली.

आराखडा बदलला. मधोमध, खोलगट भागात साधारण अर्धा हेक्टर हिरवं ओएसिस: हरळी, भोवती हॅकबेरी, बसायचे कट्टे, पिण्याच्या पाण्याचा नळ. त्याला शुद्ध केलेलं सांडपाणी, स्वतंत्र वाहिनीवरून. उरलेला जवळजवळ सगळा भाग तिसऱ्या उन्हाळ्यापासून बिनपाण्याचा. ओएसिसपासून कोरड्या भागात जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर दर ४० मीटरवर एक तरी सावलीची बाक. कण्हेर फक्त रेल्वेच्या बाजूच्या उतारावर. गवत कापण्याची तारीख देखभालीच्या करारात.

सावली, मी संध्याकाळचे फोटो दाखवले. ते सदस्य बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "माझ्या आजोबांच्या गावचा डोंगर असाच दिसायचा." मंजुरी मिळाली.

दगडू, हिरवळ तुमची. खरंच.

दगडू

अर्धा हेक्टर घेतो. अभिनंदन! कट्ट्यांना पाठ टेकायला जागा ठेवा. म्हाताऱ्यांना बिनपाठीच्या बाकावर पाच मिनिटंही बसवत नाही.

मातीमाय

अभिनंदन ग! आता रोपवाटिकेशी आजच बोल. छोट्या कुंड्यांतली हजारो रोपं तयार मिळत नाहीत. विकायला ठेवलेली सगळी मोठी आणि फुललेली असतात. निदान वर्षभर आधी मागणी देऊन वाढवून घ्यावी लागतात. आणि रोपं आली की दहा-वीस कुंड्यांतून काढून बघ. मुळं तळाशी गोल गोल फिरलेली असतील तर गाडी परत पाठव.

अवनी_क

म्हणजे लागवड पुढच्या ऑक्टोबरमध्ये नाही, त्याच्या पुढच्या?

मातीमाय

हो, त्याच्या पुढच्या. तोवर जमीन फाडून ठेव आणि एक हिवाळा पाणी कुठे साचतं ते बघून घे.